रोमन थडग्यांची तुलना कशी करावी: प्रांत मागून, माणूस आधी

रोमन थडगी बघून परतलेल्या माणसाच्या फोनमध्ये शेकड्यानं फोटो असतात. एखादा पिरॅमिड, दोन-तीन बुरूज, कोरीव खांब, डोंगरात खोदलेल्या दर्शनी भिंती, विटांची बुटकी घरं. या सगळ्याचं पुढं करायचं काय, हे मात्र कळत नाही. मग "इटलीत असं बांधायचे, सिरियात तसं, जर्मनीत आणखी निराळं" अशी तीन वाक्यं लिहून विषय मिटतो. याला तुलना म्हणत नाहीत, यादी म्हणतात.

माझं काम जुन्या इमारतींची मोजमापं घेऊन आराखडे काढण्याचं. मूळची साताऱ्याची, राहते लक्झेंबर्गला. इथून ट्रायरला जाणारी गाडी वाटेत इगेल नावाच्या छोट्या गावात थांबते, आणि त्या गावात भर वस्तीत २३ मीटर उंचीचा रोमन स्मारकस्तंभ उभा आहे. घरी पाहुणे आले की त्यांना मी तिथं नेतेच. त्यात आर्किटेक्चरला असलेली भाचरं असतात, इतिहासाचं वेड असलेले निवृत्त काका असतात. त्यांना उभ्या उभ्या जे सांगते तेच इथं जरा नीट मांडते आहे.

आधी माणूस ठरवा

रोममधला सेस्टियसचा पिरॅमिड आणि सिरियातल्या पाल्मिराचा एलाहबेलचा बुरूज शेजारी ठेवले, तर दोन्ही उंच आहेत यापलीकडं हाती काही लागत नाही. पिरॅमिड इ.स.पू. १८ ते १२ च्या दरम्यान एका बड्या रोमन माणसासाठी, त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे, ३३० दिवसांत बांधून झाला. तसं त्याच्यावरच कोरलं आहे. एलाहबेलचा बुरूज इ.स. १०३ चा. तो चार भावांनी स्वतःसाठी आणि पुढच्या पिढ्यांसाठी बांधला. एकीकडं एक माणूस, दुसरीकडं अख्खं घराणं. मध्ये शंभरावर वर्षं. यातला फरक प्रांतामुळं पडला, काळामुळं पडला, की बांधणाऱ्याच्या गरजेमुळं, हे सांगायची सोयच उरत नाही.

म्हणून वहीच्या डाव्या बाजूच्या रकान्यात प्रांताचं नाव लिहू नका. तिथं माणसाचा प्रकार लिहा: व्यापारी, निवृत्त सैनिक, प्रांताधिकारी, गुलामीतून सुटलेली माणसं. एक प्रकार पक्का धरा आणि मग प्रांत बदलत न्या. दोन गोष्टी एकदम बदलू दिल्या की कुठल्या गोष्टीचा परिणाम काय, हे हातातून निसटतं.

आणि प्रांत लिहाल तेव्हा रोमन प्रांत लिहा, आजचा देश नव्हे. ट्रायर आणि कोलोन आज दोन्ही जर्मनीत आहेत, पण तेव्हा ट्रायर गॅलिया बेल्जिकात होतं आणि कोलोन जर्मानिया इन्फेरिअरची राजधानी. पामुक्कलेजवळचं हिएरापोलिस आशिया प्रांतात, स्लोव्हेनियातलं शेम्पेटर नोरिकममध्ये. इटली तर बराच काळ प्रांतच नव्हता. नकाशा इ.स. १५० च्या आसपासचा छापून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

तारीख कळल्याशिवाय रेघ मारू नका

सगळ्यात मोठा चकवा काळाचा आहे. साम्राज्याच्या पश्चिम भागात पहिल्या शतकात दहनाची पद्धत सर्रास होती. दुसऱ्या शतकात हळूहळू दफन वाढलं, आणि तिसऱ्या शतकापर्यंत कोरीव दगडी शवपेट्या सगळीकडं दिसू लागल्या. पाल्मिरासारख्या ठिकाणी मुळातच दफन चालत होतं. म्हणजे इटलीतल्या पहिल्या शतकातल्या अस्थिकलशाच्या कोनाड्याची तुलना आशिया मायनरमधल्या तिसऱ्या शतकातल्या शवपेटीशी केली, तर तुम्ही प्रांत तपासतच नाही. दोन वेगळ्या शतकांतल्या रिवाजांना प्रांतांची नावं देता आहात, एवढंच.

रोमचं जुनं बंदर असलेल्या ओस्टियाजवळच्या इसोला साक्रात हा बदल एकाच खोलीत पाहता येतो. तिथली दुसऱ्या शतकातली विटांची थडगी आतून बघा. भिंतींत वरच्या बाजूला अस्थिकलशांसाठी छोटे कोनाडे आहेत आणि खाली, जमिनीलगत, अख्खा देह ठेवण्याइतक्या रुंद कमानी. आजोबांचं दहन आणि नातवाचं दफन एकाच छताखाली.

दुसरा चकवा राजकीय. जॉर्डनमधल्या पेट्राचा प्रसिद्ध खझना आणि तिथले बहुतेक दर्शनी भाग नबातियन, म्हणजे रोमनांआधीच्या तिथल्या राजांच्या काळातले आहेत. रोमनं तो प्रदेश इ.स. १०६ मध्ये ताब्यात घेतला. ट्युनिशियातल्या दुग्गाचं २१ मीटर उंच स्मारक तर इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं, नुमिडियन राज्याच्या वेळचं. त्यांना 'रोमन प्रांतिक' म्हणून टाकलंत, तर उत्तर आफ्रिकेत बुरुजासारखी थडगी रोमनांनी नेली असं वाटायला लागतं. ती तिथं आधीच होती.

पूर्वेकडच्या लेखांत साल असतं, पण ते आपल्या ओळखीचं नसतं. पाल्मिरात सेल्युसिड शक चालायचा, तो इ.स.पू. ३१२ च्या शरदात सुरू होतो. लेखातल्या वर्षातून ३११ वजा करा, आणि महिना ऑक्टोबर ते डिसेंबरमधला असेल तर ३१२. एलाहबेलच्या बुरुजावर एप्रिल ४१४ आहे. ३११ वजा केले की इ.स. १०३. पश्चिमेकडं सालच नसतं, तिथं लेखातल्या ठरावीक अक्षरांवरून अंदाज बांधावा लागतो. त्याकडं पुढं येते.

काय काढायचं, कोणत्या मापानं

फोटो थडग्याला मोठं किंवा छोटं करून टाकतो. त्यामुळं सगळी थडगी एकाच प्रमाणात कागदावर काढा. मी १:२०० वापरते. आलेखाचा कागद घ्या. इगेलचा स्तंभ साडेअकरा सेंटीमीटर होतो, सेस्टियसचा पिरॅमिड तळाशी पंधरा आणि उंचीला अठरा, आप्पियन रस्त्यावरचं सेसिलिया मेटेलाचं गोल थडगं साडेचौदा रुंद. रोममधल्या ऑगस्टसच्या समाधीला मात्र कागदाला कागद जोडावा लागतो, तिचा व्यास ९० मीटरच्या घरात आहे. इंग्लंडच्या उत्तर टोकाला सापडलेला रेगिना नावाच्या बाईचा स्मृतिशिळेचा दगड याच प्रमाणात अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास येतो. हे सगळं एका भिंतीवर टाचून ठेवलं की बरेच सिद्धांत आपोआप गळून पडतात. प्रत्येक चित्राच्या शेजारी एक उभा माणूस काढायला विसरू नका.

मापं घेताना थडग्याला हात लावायचा नाही, टेप टेकवायची नाही. लेझरनं अंतर मोजायचं छोटं यंत्र पुरतं. जमेल तिथं मीटरसोबत रोमन फुटाचा रकानाही ठेवा. तो फूट साधारण २९.६ सेंटीमीटरचा. इसोला साक्रातल्या दारांवरच्या पाट्यांत जागेची लांबी-रुंदी फुटांत दिलेली असते, इतके फूट रस्त्याच्या बाजूनं, इतके आत. तुमचा आकडा पाटीशी जुळला की फार समाधान वाटतं. नाही जुळला तर शेजाऱ्यानं जागा खाल्ली का, ते बघा. माणसं तीच आहेत.

दर्शनी बाजू सगळेच काढतात. मी आग्रह धरते तो उभ्या छेदाचा, म्हणजे थडगं मधोमध कापलं तर आत काय दिसेल त्याचा. पिरॅमिड बाहेरून ३६ मीटर उंच. आत खोली जेमतेम सहा बाय चार मीटरची, रंगवलेली आणि पुरल्यावर कायमची बंद केलेली. छेद काढल्याशिवाय हे प्रमाण डोळ्यांत भरत नाही.

मेलेला कुठे आहे, जिवंत कुठे उभा आहे

छेदावर दोन खुणा करा. देह किंवा अस्थी जिथं होत्या तिथं फुली, आणि भेटीला आलेला जिवंत माणूस जिथवर पोचू शकत होता तिथं टिंब. माझ्या मते सगळ्या तुलनेचा कणा हाच आहे. शैली, खांबांचे प्रकार, नक्षी हे सगळं त्यानंतर.

इगेलला टिंब बाहेर, रस्त्यावर. स्तंभ दगडांचा भरीव आहे, आत शिरायला खोलीच नाही. तो वाचायचा, भोवती फिरून. ट्रायरहून रँसकडं जाणारा रस्ता तिथून जायचा, मोझेल नदीही जवळ. इथला प्रेक्षक म्हणजे वाटसरू.

इसोला साक्रात टिंब दारात आणि दाराच्या आतही. कित्येक दारांच्या दोन्ही बाजूंना विटांचे उतरते बाक बांधलेले आहेत, त्यावर रेलून घरची माणसं मृताच्या दिवशी जेवायची. थडगं इथं कुटुंबाची एक जादा खोली असते.

पाल्मिरात फुल्या मोजता मोजता दमायला होतं. बुरुजाच्या प्रत्येक मजल्यावर भिंतींत अरुंद, खोल कप्पे एकावर एक रचलेले. देह आत सरकवायचा आणि तोंड दगडी पाटीनं बंद करायचं, त्या पाटीवर मृताचा छातीपर्यंतचा पुतळा. आत आलेल्या माणसाकडं सगळीकडून पूर्वज बघत असतात. पुढं दुसऱ्या शतकात हीच रचना जमिनीखाली उतरली. तीन भावांचं भुयार म्हणून ओळखलं जाणारं थडगं त्यातलं. भुयारातले कप्पे इतके होते की मालक त्यातला काही भाग दुसऱ्या कुटुंबाला विकायचे आणि तो व्यवहार दारावर कोरून ठेवायचे. त्यामुळं पाल्मिरातलं मोठं भुयार बघून 'किती श्रीमंत घराणं' असं लगेच लिहू नका. त्यात बराचसा भाग गुंतवणुकीचा असू शकतो.

अलेक्झांड्रियाच्या कोम अल-शुकाफामध्ये टिंब खोल खाली उतरतं. मधोमध विहिरीसारखा गोल कूप, त्याच्याभोवती फिरत जाणारा जिना, आणि खाली तीन बाजूंनी दगडी बाक असलेली जेवणाची खोली. म्हणजे इसोला साक्राचं जेवण इथंही आहे, फक्त जमिनीच्या पोटात. आतल्या मुख्य थडग्यात इजिप्तच्या रिवाजाप्रमाणे देहाचं ममी करतानाचा प्रसंग कोरलेला, आणि दाराशी रोमन सैनिकाचं चिलखत घातलेला अनुबिस, म्हणजे कोल्ह्याच्या तोंडाचा इजिप्शियन देव. बहुतेक लोक या अनुबिसचा फोटो काढून 'मिश्र शैली' असं लिहितात आणि पुढं जातात. मला विचाराल तर तिथं थांबून जेवणाच्या खोलीचं माप घ्या. मिश्र शैली कुठंही सापडेल. जिवंतांना एवढ्या खाली आणून जेवायला बसवण्यासाठी खडक फोडायचा खर्च कुणी उचलला, हा प्रश्न त्याहून मोलाचा.

तुर्कस्तानातल्या मिलासचं गुमुशकेसेन थडगंही इथंच नोंदवा. दुसऱ्या शतकातलं, वर पिरॅमिडसारखं छत, चारी बाजूंनी उघडा मजला आणि खाली बंद खोली. वरच्या मजल्याच्या जमिनीला एक भोक आहे. वर उभं राहून अर्घ्य ओतायचं, ते खालच्या मृतापर्यंत जातं. छेदावर टिंबापासून फुलीपर्यंत एक सरळ रेघ.

तीन व्यापारी

आता एक तुलना पूर्ण करून दाखवते. प्रकार: धंदा करून पैसा मिळवलेली माणसं.

पहिला युरिसासेस, रोमचा बेकरीवाला, सरकारी ठेकेदार. त्याचं थडगं इ.स.पू. ३० च्या सुमाराचं, आजच्या पोर्ता माज्जोरे या वेशीला खेटून. दुसरा फ्लावियस झ्यूक्सिस, हिएरापोलिसचा, पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातला. तिसरे इगेलचे सेकुंदिनी, कापडाचे व्यापारी, इ.स. २५० च्या आसपासचे. मघाशी मीच काळ सांभाळा म्हटलं आणि इथं तिघांत पावणेतीनशे वर्षं आहेत. ते वहीत ठळक लिहून ठेवायचं आणि दहन-दफनावरून या तिघांत काहीही निष्कर्ष काढायचा नाही. धंदा कसा दाखवला, एवढंच बघायचं.

युरिसासेसचा धंदा इमारतीच्या अंगात आहे. भिंतींना उभी नळकांडी आणि मोठी गोल भोकं. ती कणीक मळायच्या भांड्यांची किंवा यंत्राची आठवण देतात असं बहुतेक अभ्यासक मानतात. वरच्या पट्ट्यात धान्य मोजण्यापासून भाकऱ्या भट्टीत जाईपर्यंतचं सगळं काम कोरलेलं. त्याच्या बायकोच्या, अतिस्तियाच्या, लेखात तर अस्थी पावाच्या टोपलीत ठेवल्याचा उल्लेख आहे. थडगं दोन मोठ्या रस्त्यांच्या फाट्यावर, तिन्ही बाजूंनी येणाऱ्याला दिसेल असं, आणि जागा अडचणीची म्हणून आकार वेडावाकडा. आराखडा काढलात तर कुठलाही कोन काटकोन नाही, हे लक्षात येईल. लाजायचा प्रश्नच नाही.

झ्यूक्सिसचं थडगं शहराच्या उत्तर वेशीबाहेर. छोटी, नेटकी, दगडी आयताकार वास्तू, वर डोरिक या ग्रीक शैलीतली पट्टी. धंद्याचं एकही चित्र नाही. सगळं काम एका वाक्यात उरकलंय: मालेया भूशिराला वळसा घालून आपण ७२ वेळा इटलीला गेलो. मालेया म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेचं, जहाजं बुडवण्यासाठी कुप्रसिद्ध टोक. त्या काळी ७२ खेपा म्हणजे जन्म गेला असणार. वाचता येणाऱ्याला आकडाच पुरे, असा हिशोब.

सेकुंदिनींनी चित्रं आणि देव दोन्ही घेतले. इगेलच्या दक्षिणेकडच्या मुख्य बाजूला कुटुंबातली माणसं, वर गोलात चेहरे. बाकीच्या पट्ट्यांत कापडाची तपासणी, पैशांचा व्यवहार, स्वयंपाकघर, जेवणाची पंगत, दोरानं ओढली जाणारी नाव, मालाची गाडी. उत्तरेच्या बाजूला रथातून स्वर्गात जाणारा हर्क्युलिस, भोवती राशिचक्र. शिखरावर ग्रीक कथेतल्या गॅनिमिड या मुलाला उचलणारा गरुड. म्हणजे खाली दुकान, वर आकाश, आणि दोन्ही एकाच उभ्या रेघेत. आई-वडिलांसाठी आणि स्वतः जिवंत असताना स्वतःसाठी दोघा सेकुंदिनींनी हे उभारलं, असं लेख सांगतो.

आता वाक्य लिहा, आणि ते असं लिहा की त्यात क्रियापदाला कर्ता असेल: युरिसासेस धंद्याला इमारत बनवतो, झ्यूक्सिस धंद्याचा आकडा सांगतो, सेकुंदिनी धंदा कोरून त्याला पुराणकथेच्या पायाशी बसवतात. आता यातला प्रांताचा वाटा किती? हिएरापोलिसमध्येच तिसऱ्या शतकातल्या अम्मियानोस नावाच्या माणसाच्या शवपेटीवर पाण्याच्या चाकानं चालणारी दगड कापायची करवत कोरलेली आहे. म्हणजे 'आशियात धंद्याची चित्रं काढत नसत' हा निष्कर्ष तिथंच फसला. झ्यूक्सिसचा मितभाषीपणा झ्यूक्सिसचा. ट्रायरच्या परिसरात मात्र कामाची चित्रं असलेले दगड खूप आहेत. नॉयमागेनचं मद्याची पिंपं वाहणारं जहाज, १८७८ साली सापडलेलं, त्यातलं सर्वांत माहितीचं. तिथं प्रदेशाची आवड आहे असं म्हणायला आधार मिळतो. एका उदाहरणावर प्रांत उभा करायचा नाही. दुसरं उदाहरण शोधून पहिल्याला पाडता येतं का, ते बघायचं.

दोन अधिकारी, थोडक्यात

याच पद्धतीनं प्रांताधिकारी घ्या. सेक्स्टियस फ्लोरेंटिनस इ.स. १२७ मध्ये अरेबिया प्रांताचा अधिकारी होता, पेट्रा त्याच प्रांतात. त्याआधी त्यानं गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सकडं, कारभार पाहिलेला. तरी पेट्रात तो नबातियन पद्धतीच्या, खडकात खोदलेल्या दर्शनी भागामागं गेला, फक्त वर लॅटिन लेख. त्याच्या थोडं आधीचा सेल्सस आशियाचा अधिकारी. मुलानं त्याच्यासाठी इफेससला ग्रंथालय बांधलं आणि त्याच्या पोटात बापाची शवपेटी ठेवली. भर शहरात. रोमच्या बारा पाट्यांचा जुना कायदा शहरात दहन-दफनाला मनाई करायचा, पण पूर्वेकडच्या ग्रीक शहरांत थोर माणसाला वेशीच्या आत जागा देणं हा मोठा मान होता. हुद्दा एक, शतक एक, आणि दोघंही रोमच्या रिवाजाऐवजी गावाचा रिवाज घेतात. प्रांताचा जोर इथं खरा दिसतो, तोही सर्वांत 'रोमन' माणसांवर.

लॅटिनला घाबरू नका

व्याकरण न शिकता पाच-सहा खुणा ओळखता आल्या तरी पुष्कळ काम होतं. 'डी एम' ही दोन अक्षरं, म्हणजे मृतांच्या आत्म्यांना वंदन, पहिल्या शतकाच्या उत्तरार्धापासून फैलावली. ती नसतील तर दगड जुना असण्याची शक्यता धरा. 'एच एस ई', इथं पहुडला आहे, हे अधिक जुन्या वळणाचं. 'एस टी टी एल', माती तुला हलकी होवो, हे हिस्पानिया आणि आफ्रिकेत फार. फ्रान्समधल्या लिओनच्या आसपास 'सुब आस्किया', म्हणजे तासणीखाली, म्हणून अर्पण केलेली थडगी सापडतात, सोबत तासणीचं चित्र. आणि 'एच एम एच एन एस' दिसलं, तर हे थडगं वारसाच्या मालमत्तेत जाणार नाही, असा तो इशारा.

मालकीची भीती सगळीकडं आहे, उपाय वेगळे. आपल्याकडच्या गद्धेगाळावर दानाला हात लावणाऱ्याला शिवी कोरलेली असते. हिएरापोलिसचे लोक बहुधा रोख दंडच लिहून ठेवतात, परक्याला इथं पुरलंत तर अमुक इतके दिनार अमुक संस्थेला भरा. अशी वाक्यं वेगळ्या पानावर जमवत जा. कोणत्या गावात दंड सरकारला, कुठं ज्येष्ठांच्या मंडळाला, यावरून त्या गावातलं बळ कुणाकडं होतं हे कळतं. ट्युनिशियातल्या कास्सरीनचे फ्लावी मात्र कायद्यात पडलेच नाहीत. त्यांनी तीन मजली थडग्यावर ११० ओळींची कविता कोरली, जिच्यात शिखरावरच्या कोंबड्याचंही कौतुक आहे. ज्याच्यासाठी ती कोरली तो ११० वर्षं जगला, असं तिथंच लिहिलंय.

जाता आलं नाही तरी घरबसल्या बरंच होतं. लॅटिन लेखांसाठी क्लाउस-स्लाबी हा शोधकोश आहे, कोरीव दगडांच्या फोटोंसाठी 'उबी एरात लुपा', ब्रिटनसाठी तिथल्या रोमन लेखांचा ऑनलाइन संग्रह. पाल्मिराच्या तीन हजारांहून अधिक मुखशिल्पांची नोंद डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठानं केली आहे.

जे उरलं ते का उरलं

प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक ओळ सक्तीची ठेवा: हे थडगं आजवर कशामुळं टिकलं?

उत्तरं बघा. सेस्टियसचा पिरॅमिड तिसऱ्या शतकात सम्राट ऑरेलियननं शहराच्या तटबंदीत घेतला. सेसिलिया मेटेलाच्या डोक्यावर चौदाव्या शतकात किल्ल्याच्या चर्या चढल्या. सम्राट हेड्रियनची समाधी पोपचा किल्ला झाली. युरिसासेस वेशीच्या बुरुजाखाली गाडला गेला होता, तो बुरूज १८३८ मध्ये पाडल्यावर बाहेर आला. इगेलच्या चित्रांत मध्ययुगीन लोकांना सम्राट कॉन्स्टंटाइनची आई हेलेना दिसली, म्हणून कुणी दगड काढले नाहीत. बाकीचे तसेच स्तंभ नॉयमागेनच्या किल्ल्याच्या पायात गेले. शेम्पेटरची संगमरवरी थडगी साविन्या नदीच्या पुरानं पाडून गाळात झाकली, ती १९५२ पासून उकरून पुन्हा उभी केली. लिबियातलं घिर्झा वाळवंटाच्या कडेला, दगड न्यायला कुणी नव्हतंच. तिथल्या थडग्यांच्या शिल्पांत उंटाला नांगर जुंपलेला शेतकरी आहे. आणि पाल्मिराचे बुरूज अठराशे-एकोणीसशे वर्षं उभे राहून २०१५ मध्ये स्फोटकांनी उडवले गेले, त्यात एलाहबेलचाही होता.

म्हणून 'या प्रांतात स्तंभ कमी, बुरूज जास्त' असं मोजून सांगायच्या आधी, स्तंभ होते की नव्हते याचा जवळच्या किल्ल्यांच्या पायात शोध घ्या. आणि एक ओळ अशांसाठी ठेवा ज्यांचं स्मारकच नाही. इसोला साक्रात विटांच्या घरांमधल्या मोकळ्या जागेत मातीच्या रांजणांत किंवा कौलांखाली पुरलेली माणसं सापडली. रांजणाची मान वर ठेवलेली, अर्घ्य ओतता यावं म्हणून. गुमुशकेसेनच्या भोकाचं काम इथं फुटक्या रांजणानं केलंय. ही नोंद दोन्हीकडं टाका.

रकान्यात न बसणारी माणसं

टायन नदीच्या मुखाशी, साऊथ शील्ड्सला, रेगिनाची शिळा आहे. ती ब्रिटनमधल्याच कातुवेल्लौनी जमातीची, आधी गुलाम, मग मोकळी, मग बायको, तिशीत वारली. शिळा उभारली नवऱ्यानं, बारातेस नावाच्या पाल्मिराच्या माणसानं. कमानीखाली बसलेली बाई, हातात चाती, पायाशी लोकरीची टोपली, वर लॅटिन लेख. लॅटिनचं व्याकरण डळमळीत. त्याखाली एक ओळ पाल्मिराच्या लिपीत, सराईत हातानं काढलेली: रेगिना, बारातेसची मुक्त केलेली, अरेरे.

तिला कोणत्या प्रांताखाली लिहायचं? मी दोन्हीकडं लिहिते आणि मध्ये बाण काढते. असे बाण वहीत वाढू लागले की प्रांतांच्या भिंती आपोआप पातळ होतात, आणि जिथं त्या खरोखर जाड आहेत ती ठिकाणं उठून दिसतात.

सुरुवात करायची असेल तर

युरोपात येणं होत असेल तर ट्रायरपासून सुरुवात करा. आधी तिथलं राइनिशेस लांडेसम्युझियम, कारण नॉयमागेनचे दगड तिथं आहेत आणि अंगणात इगेलच्या स्तंभाची रंगवलेली प्रतिकृती. मूळ स्तंभ रंगीत होता हे डोळ्यांत बसल्यावरच इगेलला जा. पश्चिमेला त्याच शिवारात ग्रुटेनहॉयस्खेन नावाचं देवळासारखं रोमन थडगं आहे, काही भाग नव्यानं उभारलेला, खाली खोली. एका गावाच्या हद्दीत एक भरीव स्तंभ आणि एक आत शिरायचं देऊळ; पहिला छेद या दोघांचा काढा. संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात. स्तंभाची दक्षिण बाजू सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर बघा, तिरप्या उन्हात झिजलेली चित्रं उमटतात. उत्तरेचा हर्क्युलिस हवा असेल तर उन्हाळ्यातली संध्याकाळ गाठा, हिवाळ्यात त्या बाजूला ऊन येतच नाही. दुर्बीण सोबत ठेवा. गरुड जमिनीवरून मुठीएवढाही दिसत नाही.